केळीची ट्रॉली मॉडेलला ‘ट्रक’ का वाटते?

तापीकाठ:
रामराम मंडळी. विनाचालक इलेक्ट्रिक गाड्या रस्त्यावरच्या वस्तू कशा ओळखतात, यावर प्रकल्प चालू आहे. भुसावळ-सावदा-रावेर रस्त्याचा डॅशकॅम व्हिडिओ (१९२० बाय १०८०) कोको डेटासेटवर (नावं घातलेल्या फोटोंचा संग्रह) शिकवलेल्या योलो मॉडेलला (चित्रातल्या वस्तू शोधणारा प्रोग्राम) दिला. कार, बस, मोटारसायकल बरोबर येतात. केळीची ट्रॉली कधी ‘ट्रक’, कधी गायबच. बैलगाडीतले फक्त बैल सापडतात, त्यांनाही ‘गाय’ म्हणतं. सुधारायचं कसं? फोटो किती लागतील?

खाचखळगे:
मॉडेलचा दोष कमी, यादीचा जास्त. कोकोत ८० वर्ग, म्हणजे वस्तूंचे प्रकार, आहेत. त्यात ट्रॅक्टर, रिक्षा, बैलगाडी नाही. शिकताना मॉडेल वस्तूभोवतीची चौकट आणि नाव यांचा अंदाज करतं, तो माणसाने आखलेल्या चौकटीशी ताडला जातो आणि चुकीच्या प्रमाणात आतले आकडे थोडे थोडे सरकतात. हे लाखो वेळा. जे नाव यादीत नाही ते त्याच्या तोंडून येणारच नाही. जवळचं नाव चिकटवेल, नाहीतर पार्श्वभूमी समजून सोडेल. त्यात ट्रॉली मागून पाहिली तर ट्रॅक्टर झाकलेला, दिसतो फक्त हिरवा ढीग, आणि दोन्ही बाजूंना केळीच्याच बागा!

हैदराबादच्या ट्रिपल आयटीचा ‘इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट’ आधी घ्या. त्यात रिक्षाला स्वतंत्र वर्ग आहे. ट्रॉली आणि बैलगाडीसाठी मात्र आपल्याच रस्त्याचे फोटो लागतील.

लेबलवाला:
फोटोंबद्दल: योलोवाल्या अल्ट्रालिटिक्स कंपनीचा सल्ला दर वर्गाला किमान १५०० फोटो, त्यांत मिळून १०,००० नग (आखलेल्या वस्तू). प्रकल्पापुरतं कमीत भागेल, पण फोटो वेगवेगळे हवेत. व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा असला तरी सेकंदाला एकच फ्रेम काढा, बाकीच्या जुळ्या असतात. शिकवणीचे आणि परीक्षेचे फोटो गाडीच्या फेरीनुसार वेगळे करा. एकाच फेरीतले फोटो दोन्हीकडे गेले तर गुण ९५ टक्के दिसतील आणि उद्याच्या रस्त्यावर सगळं कोसळेल.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच. फोटोत ट्रॉलीला चौकट घातली आणि बाजूची मोटारसायकल तशीच सोडली, तर तुम्ही मॉडेलला शिकवलंत की मोटारसायकल म्हणजे पार्श्वभूमी. म्हणून प्रत्येक फोटोत यादीतली प्रत्येक वस्तू आखायची. कंटाळवाणं आहे, इलाज नाही भो.

फोटो आडवा उलटवला (डावं ते उजवं) तरी चालतो. खाली-वर उलटवू नका.

तापीकाठ:
ट्रॅक्टर आणि ट्रॉली, चौकट एक की दोन?

लेबलवाला:
दोन. ट्रॉली रस्त्याकडेला सोडून ट्रॅक्टर निघून जातो, तेव्हा ती एकटीही ओळखता आली पाहिजे. वर्गही वेगळे ठेवा. वर्ग एकच असेल आणि चौकटी एकमेकींवर फार चढल्या, तर दुबार चौकटी काढणाऱ्या शेवटच्या चाळणीत त्यातली कमी खात्रीची उडते.

रडारवेडा:
एक हिशोब राहिला. ६० अंशांचा कॅमेरा धरला तर १०० मीटरवरची २ मीटर रुंद ट्रॉली १९२० पिक्सेलमध्ये साधारण ३३ पिक्सेलची दिसते. योलो सहसा चित्र ६४० पिक्सेलवर आणतं, म्हणजे उरले ११! लेबल कितीही चांगलं असो, दूरचं सापडणं अवघड. चित्र १२८० वर चालवा किंवा मधला पट्टा कापून वेगळा द्या. वेळ मात्र जास्त लागेल: ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते, सेकंदाला १० फ्रेम तपासल्या तर दोन तपासण्यांच्या मधे १.७ मीटर.

रात्री बिनरिफ्लेक्टरची उभी ट्रॉली कॅमेऱ्याला उशिरा दिसते. रडारचाही भरवसा धरू नका: पूल, पाट्या, कठडे यांचे प्रतिध्वनी गाळण्यासाठी बऱ्याच यंत्रणा स्थिर वस्तूंना कमी वजन देतात, त्यात उभी ट्रॉलीही गाळली जाऊ शकते. लायडारला (लेझरने अंतर मोजणारं यंत्र) बाहेरचा उजेड लागत नाही, आणि ‘इथे काहीतरी आडवं आहे’ एवढं सांगायला नावही लागत नाही. ब्रेकला तेवढं पुरतं.