लेंटला मराठीत काय म्हणायचं? आणि ‘नूतनीकरणा’चं काय करायचं?

मडगावचा_अनुवादक
शेजारच्या बायने चर्चच्या महिला मंडळासाठी लेंटवर, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासाच्या काळावर, एक पान इंग्रजीत लिहिलंय. एका मराठी दैनिकाच्या पुरवणीसाठी मी ते मराठीत करतोय, पण घोडं शीर्षकातच अडलंय. मी लिहिलं होतं, ‘उपवासकाळ : आध्यात्मिक नूतनीकरणाचे दिवस’. वाचून दाखवल्यावर बाय म्हणाली, ‘‘नूतनीकरण? तें लायसनाचें करतात न्हय रे पुता?’’ तिचं खरं आहे. आपल्याकडे नूतनीकरण परवान्याचं होतं, विम्याचं होतं, बसस्थानकाचं होतं. मनाचं होत नाही.

‘उपवासकाळ’ही मला पटेनासा झालाय. गेल्या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवशी, मी तिच्याकडे गेलो होतो. कपाळावर राखेचा खूर्स (क्रूस), सकाळपासून पोटात फक्त चहा आणि अर्धा पोय (गोव्याचा पाव). दुपारी तिने ताट वाढलं ते उकड्या तांदळाच्या शिताचं आणि बांगड्याच्या हुमणाचं (कालवणाचं). तिचा त्या दिवसाचा उपास तो हाच : एकदाच पोटभर, दोनदा थोडंसं, आणि मांस अजिबात नाही. मासळी चालते. माझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘मग उपास कसला?’’ तिच्या डोळ्यांपुढे साबुदाणा आणि वरीचे तांदूळ. बायच्या फ्रीजवर एक पत्र्याचा डबा असतो. एरवी मटणावर गेले असते ते पैसे ती रोज त्यात टाकते आणि ईस्टरआधी एका गरजू घरी देऊन येते. हा डबा ‘उपवास’ या शब्दात मावत नाही. ‘लेंट’ आणि ‘नूतनीकरण’, दोन्हींसाठी शब्द सुचवा.

पेडण्याचे_मास्तर
नूतनीकरणाऐवजी ‘जीर्णोद्धार’ घ्या. गोव्यात प्रत्येक गावाने एकदा तरी देवळाचा जीर्णोद्धार पाहिलेला असतो. मोडकळीला आलेलं उतरवायचं, मूर्ती तीच ठेवायची, भिंती नव्या बांधायच्या. ‘मनाचा जीर्णोद्धार’ म्हटलं की वाचकाला समजावत बसावं लागणार नाही.

वसईची_लेक
मास्तर, शब्द सुंदर आहे, पण चर्चच्या पानावर देऊळ आणू नका असं कुणी तरी म्हणेलच. आमच्या वसईकडे मराठी मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) ‘प्रायश्चित्तकाळ’ रुळलेला आहे. ‘प्रायश्चित्तकाळातील पहिला रविवार’, दुसरा, तिसरा असं लहानपणापासून ऐकत आले. जांभळी वस्त्रं आणि ‘आलेलुया’ बंद, म्हणजे प्रायश्चित्तकाळ लागला. तयार शब्द असताना नवा कशाला घडवायचा?

पेडण्याचे_मास्तर
कारण प्रायश्चित्ताला मराठीत शिक्षेचा वास आहे. अमुक पाप घडलं, तमुक प्रायश्चित्त घ्या, सुटलात. बाय म्हणते तो डबा शिक्षेचा वाटतो का तुम्हाला?

वसईची_लेक
तुम्हाला तो वास येतो, आम्हाला येत नाही. शब्द वापरणाऱ्याचा असतो. माझी आजी ‘प्रायश्चित्तकाळ’ म्हणायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर शिक्षा नसायची, लगबग असायची. मूळ ग्रीक शब्द ‘मेतानोइया’, मन पालटणं. मराठी बायबलात त्याचा ‘पश्चात्ताप’ झाला. तोही पुरता बसत नाही, पण पिढ्यांनी वापरून त्यात अर्थ भरलाय.

शब्दांचा_नादी
दोघांनीही गोव्याचा शब्द बाजूला का ठेवला? इथे कुणी प्रायश्चित्तकाळ म्हणत नाही, ‘करेज्म’ म्हणतात. पोर्तुगीज ‘क्वारेज्मा’, त्याच्या मागे लॅटिनमधला ‘चाळिसावा’. त्याच्या आधीचा ‘इंत्रूज’ म्हणजे पोर्तुगीज ‘एंत्रूदु’, त्याच्या मुळाशी ‘प्रवेश’. म्हणजे कार्निव्हाल हा करेज्माचा उंबरठा. इतकी चांगली जोडी गोमंतकीय मराठीने घेतलीच पाहिजे. हिंदीत ‘चालीसा’ म्हणतात, तोही चाळीसच. मराठीत मात्र ‘चाळिशी’ म्हटलं की वाचक चष्मा शोधेल, म्हणून करेज्मच ठेवा.

पेडण्याचे_मास्तर
परकी शब्द आणून भाषा वाढत नाही, नुसती लांबते.

शब्दांचा_नादी
मास्तर, ‘पाव’ आणि ‘बटाटा’ सोडून जेवून दाखवा. आणि फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली आपल्याच रायतूरला छापलं गेलं, तेही ओवीबद्ध मराठीत. ख्रिस्ती विषय आणि मराठी यांची सोयरीक गोव्यात चारशे वर्षांची आहे. इथे परकं कोण?

कुंभारजुव्याची_शिक्षिका
मध्येच विचारते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर ४६ दिवस भरतात. मग ‘चाळिसावा’ कसा?

वसईची_लेक
सहा रविवार वजा करा. रविवार पुनरुत्थानाचा दिवस, तो उपवासात धरत नाहीत.

मडगावचा_अनुवादक
इंग्रजी ‘लेंट’ शोधून पाहिला. जुन्या इंग्रजीत तो वसंत ऋतूचा शब्द होता, दिवस लांबत जातात त्यावरून. त्यात उपवास नाही, प्रायश्चित्त नाही, चाळीसही नाही. आपल्याकडेही त्याच दिवसांत आंब्याला मोहर, शिरिषाला पालवी. बायला नेमकं हेच म्हणायचं होतं असं मला वाटू लागलंय. ‘पालवीचे दिवस’ कसं वाटतं?

कुंभारजुव्याची_शिक्षिका
फार गोड. पण तुम्ही ‘राखेचा बुधवार’ का लिहिता? आमच्याकडे सगळे ‘गोबराचो बुधवार’ म्हणतात.

मडगावचा_अनुवादक
तसंच लिहिलं होतं. पुरवणीच्या मुद्रितशोधकांचा घाटावरून फोन आला, ‘‘अहो, कपाळाला शेण लावतात का?’’ त्यांच्या कानाला गोबर म्हणजे शेणच. मला फार वाईट वाटलं, कारण बायसाठी तो शब्द पवित्र आहे.

पेडण्याचे_मास्तर
माझी आजी रोज पहाटे म्हणायची, ‘‘चुलींतलो गोबर काड.’’ त्याच गोबराने पितळेची भांडी लख्ख व्हायची. माझं मत असं : शेणाच्या गोवऱ्या जळून जी राख उरे ती गोबर, म्हणून जळण्याआधीचं नाव जळल्यानंतरच्याला चिकटलं.

शब्दांचा_नादी
हे मला जुळवाजुळव वाटते. कोकणात चुलीत लाकडं, करवंट्या आणि चुडतं (माडाची पानं) जळत. गोवऱ्या कितीशा?

पेडण्याचे_मास्तर
आमच्या गोठ्यात चार म्हशी होत्या. परसातली भिंत गोवऱ्यांनी भरलेली असायची. मी स्वतः थापल्या आहेत, जुळवाजुळव कशाला म्हणता?

वसईची_लेक
दोघेही थांबा जरा. राख लावताना फादर ‘राख’ हा शब्द उच्चारतच नाहीत. ‘तू माती आहेस आणि मातीला मिळशील’ असं म्हणतात, किंवा ‘पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा’. आणि ती राख गोवरीची नाही, चुलीतलीही नाही. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या घरोघरी अल्तारामागे (देव्हाऱ्यामागे) खोचलेल्या असतात. त्या गोळा करून जाळतात, त्याची ती राख.

कुंभारजुव्याची_शिक्षिका
‘झावळ्यांचा रविवार’ म्हणता? आम्ही ‘ताळयांचो आयतार’ म्हणतो. आणि माडाचं पान हिरवं असलं तरी आमच्या घरी ते चुडतच. झावळी हा शब्द मला शाळेच्या पुस्तकात भेटला.

शब्दांचा_नादी
चुडत म्हणजे वाळलेलं. हिरव्याला चुडत म्हणणं चूक आहे.

कुंभारजुव्याची_शिक्षिका
आमच्या परसात या. पावसाआधी मल्लं (झावळ्यांचे तट्टे) विणायला माझे काका हिरवी चुडतंच उतरवतात.