गायींच्या गळ्यात सेन्सरचा पट्टा बांधावा का? गोरेगावच्या तबेल्यासाठी सल्ला हवाय

तबेल्यातला_पुतण्या
नमस्कार मंडळी. गोरेगावला आमच्या काकांचा जुना तबेला आहे, म्हशी जास्त, पण आजकाल बिल्डिंगवाले गायीचं दूध मागतात म्हणून एचएफ क्रॉसच्या (होल्स्टीन संकरित) गायीपण ठेवल्यात. मी स्वतः अंधेरीला आयटीत, गोठ्यातलं मला हिशोबापुरतंच कळतं. झालं असं की मागच्या महिन्यात एका चांगल्या दुधाच्या गायीला दगडी (कासेला सूज येण्याचा आजार) झाली, मागचा डावा सड गरम लागतोय हे कोणाच्या हाताला लागेपर्यंत दुधात गाठी यायला लागल्या होत्या, मग सडात ट्यूबा सोडल्या, इंजेक्शनं झाली, गाय वाचली पण तो सड गेला तो गेलाच. आता एक सेल्सवाला मागे लागलाय, गळ्यात पट्टा बांधा, गाय आजारी पडायच्या दोन दिवस आधी मोबाईलवर मेसेज येईल म्हणे. काका म्हणतात मला गायीचे डोळे बघून कळतं. मला वाटतं दोघंही थोडं थोडं फेकतायत. कोणी वापरलंय का खरंच?

चाळकरी_नं१
पट्टा आधी काकांना बांधा, पहाटेच्या धारेला कधी उठतात ते तरी कळेल 😄

गुरांचा_डॉक्टर
काका फेकत नाहीयेत, सेल्सवालाही पूर्ण फेकत नाहीये, फक्त तुमचं दुखणं एक आणि तो औषध विकतोय दुसऱ्याचं. पट्ट्यात एक्सेलेरोमीटर असतो, तो मानेची हालचाल टिपतो आणि त्यावरून गायीने रवंथ किती मिनिटं केला, खाल्लं किती वेळ, फिरली किती हे काढतात. धडधाकट गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते. पोट बिघडलं किंवा व्यायल्यावर किटोसिस (खाणं कमी पडून अंगातली चरबी जळायला लागते तो आजार) झाला की रवंथ आधी घसरतो, बाकी लक्षणं मागून दिसतात, तिथे पट्टा खरंच कामाचा. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचा २०१६ चा अभ्यास आहे, त्यात रवंथ आणि हालचाल मिळून चौथं पोट सरकलेल्या गायी ९८ टक्के पकडल्या गेल्या, किटोसिसच्या ९१ टक्के, आणि दगडीच्या सगळ्या धरून फक्त ५८. त्यातही ई. कोलाय जंतूची दगडी, जिच्यात गाय तापाने पार आडवी होते, ती जास्त सापडली. साध्या दगडीत एक सड सुजलेला असतो आणि बाई निवांत रवंथ करत बसलेली असते, पट्ट्याला कळणार कसं?

दगडी पकडायची तर दुधाकडेच बघायला लागतं. कासेला सूज आली की दुधात मीठ वाढतं आणि त्यातून वीज जास्त वाहते, मशीनने दूध काढणाऱ्या मोठ्या फार्मवर हे मोजणारे सेन्सर असतात. तुमच्याकडे हाताने धार काढत असतील तर सीएमटी, म्हणजे कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, दगडीची चाचणी, करा. चार खणांची प्लास्टिकची थाळी, प्रत्येक सडाचं थोडं दूध वेगळ्या खणात, वर तेवढंच औषध टाकून गोल फिरवायचं, ज्या सडात गडबड आहे तिथलं दूध शेंबडासारखं घट्ट होतं. गाठी दिसायच्या आधीच कळतं, आणि पट्ट्याच्या मानाने खर्च काहीच नाही.

वसईची_दूधवाली
आमच्याकडे पट्टे आहेत म्हणून लिहिते. आजारापेक्षा माजासाठी (गाय भरवायची वेळ कळायला) जास्त उपयोग झाला, रात्री गाय माजावर येते ते कोण बघत बसणार, पट्टा बघतो. आजाराचे मेसेजपण येतात पण ऑक्टोबर हीटमध्ये आणि पावसाआधीच्या त्या चिकचिकीत सगळ्याच गायींचा रवंथ उतरतो, मग एकदम सगळ्यांचे लाल मेसेज, आणि आमचा गडी मोबाईल पालथा घालून झोपायला लागला. आता मी त्याला सांगून ठेवलंय, एकाच गायीचा आकडा पडला तर उठून गाय बघायची, सगळ्यांचा पडला तर पंखे, पाणी आणि पेंडीचं पोतं बघायचं. नवीन पोतं उघडलं की दोन दिवस आकडे हलतातच. मेसेज आला म्हणून सरळ सुई टोचायची नाही हां, आधी हात लावून बघायचं.

सोल्डरिंगवाला
टेक्निकल बाजू. ही सिस्टिम प्रत्येक गायीची तुलना तिच्या स्वतःच्याच मागच्या काही दिवसांशी करते, त्यामुळे नवी गाय आली की सुरुवातीचे दिवस सिस्टिम आंधळी असते. सेल्सवाल्याला विचारा की रिसीव्हर पत्र्याच्या शेडमध्ये किती लांबून पकडतो, लाईट गेली तर डेटा पट्ट्यात साठतो का, बॅटरी बदलता येते की पट्टाच फेकायचा, आणि वर्षाचं सब्स्क्रिप्शन बंद केलं तर हातात काय उरतं. म्हशींना लावणार असाल तर हेही विचारा की आकड्यांचा हिशोब म्हशींवर तपासलाय का, कारण बऱ्याचदा तो परदेशी होल्स्टीन गायींवर बसवलेला असतो. दुसरा प्रकार म्हणजे पोटात राहणारा बोलस, म्हणजे गायीला गिळवायची सेन्सरची गोळी, तो ताप मोजतो, पण गायीने बादलीभर पाणी प्यायलं की आकडा धाडकन खाली येतो, तो हिशोब सॉफ्टवेअरने धरायला हवा.

तबेल्यातला_पुतण्या
सगळ्यांना थँक्स, चाळकरी तुम्हालासुद्धा. डॉक्टर एक राहिलं सांगायचं, आमच्याकडे गायी वीत नाहीत, व्यायलेल्याच आणतो आणि आटल्या की गावाला पाठवतो. जागाच नाही ना इथे.

गुरांचा_डॉक्टर
मग पट्ट्याचा निम्मा फायदा तिथेच गेला. गाय सगळ्यात जास्त आजारी पडते ती व्यायच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन आठवडे, आणि तुमच्या गायी त्यातला बराचसा काळ दुसऱ्याच्या गोठ्यात आणि ट्रकमध्ये काढून येतात. आल्या की सिस्टिम आंधळी, सोल्डरिंगवाले म्हणाले तशी. पट्टे घ्यायचेच असतील तर गावाला जिथे विणार तिथे बांधा. गोरेगावात नवी गाय उतरली की पहिला आठवडा रोज शेपटीखाली थर्मामीटर लावा, १०१ ते १०२ फॅरनहाइट ठीक, १०३ च्या वर गेलं की फोन करा. पहिल्या दोन पिळ्या काळ्या फडक्यावर, गाठी दिसतात का बघायला, धार झाली की सड आयोडीनच्या कपात बुडवा आणि पुढ्यात चारा टाका म्हणजे गाय अर्धा तास तरी खाली बसणार नाही, कारण तेवढा वेळ सडाचं तोंड उघडं असतं आणि खाली शेण. काकांचे डोळे आहेतच.

तबेल्यातला_पुतण्या
सीएमटीचं औषध कुठे मिळेल?

वसईची_दूधवाली
गुरांच्या औषधाच्या दुकानात. थाळी दोन घ्या, एक गोठ्यात हरवतेच.