शब्दचर्चा: ‘एन्टँगलमेंट’ला काय म्हणायचं? गुंता, गुंफण की सांगड?

चौकट
एका विज्ञान प्रदर्शनासाठी क्वांटम तंत्रज्ञानावरच्या फलकांचा मजकूर मराठीत लिहितोय. वाचणारी मुलं आठवी-नववीची, सोबत त्यांचे पालक. बाकी शब्दांचं कसंबसं जमलं, ‘एन्टँगलमेंट’पाशी मात्र गाडी अडलीय. दोन कणांची मिळून एकच अवस्था सांगता येते, एकेकट्याची पूर्ण अवस्था सांगताच येत नाही, आणि एकाचं मापन केलं की दुसऱ्याच्या तशाच मापनात काय येणार ते कळतं, मग तो कितीही लांब असो. एवढं सगळं एका शब्दात बसवायचंय. ‘गुंता’, ‘गुंतागुंत’, ‘गुंफण’ हे तीन वाचनात आलेत. तुम्ही काय वापराल? आणि ‘क्वांटम’ ठेवू की ‘पुंज’ करू?

बातमीदार
‘गुंतागुंत’ आधी बाद करा. हा शब्द डॉक्टरांनी केव्हाच नेलाय, ‘प्रसूतीत गुंतागुंत झाली’ म्हणून. उरलासुरला ‘कॉम्प्लेक्सिटी’साठी लागतो आणि संगणकशास्त्रात तोही विषय शेजारीच बसलेला असतो. त्यावरून क्रियापद करायला गेलात तर ‘गुंतवणे’ आणि मग ‘गुंतवणूक’! ‘क्वांटम गुंतवणुकीत भारताची झेप’ असा मथळा दिला तर आमच्याकडे तो थेट अर्थ पानावर जाईल. २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्राने राष्ट्रीय क्वांटम मिशनला सुमारे ६,००३ कोटी रुपये मंजूर केले, तेव्हा ती खरोखरच गुंतवणुकीची बातमी होती. वाचकाने कोणती कुठली हे कसं ओळखायचं?

जुनी_पोथी
आधी पुंजाबद्दल. मराठी विश्वकोशात ‘पुंजयामिकी’ आहे आणि आमच्या पिढीच्या अंगवळणी तो पडलेला आहे. ‘पुंज’ म्हणजे ढीग, समूह. प्लांकने १९०० साली मांडलेली कल्पना नेमकी उलटी, ऊर्जेचा सुटा, अविभाज्य हिस्सा. तरीही ‘पुंजयामिकी’ला माझी हरकत नाही, वापराने शब्दाला अर्थ येतो. पण ‘पुंज संगणक’ म्हटलंत की ऐकणाऱ्याला एकत्र जोडलेले पुष्कळ संगणक वाटणार. १९९१चा पुण्यातला ‘परम ८०००’ तसाच होता, अनेक प्रोसेसर एकत्र राबवणारा. तेव्हा शास्त्राला पुंज, यंत्राला क्वांटम. यात विसंगती आहे, पण चालेल.

आता मूळ शब्द. श्रोडिंगरने १९३५ साली हा शब्द आणला, आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांचा प्रसिद्ध निबंध आला त्याच वर्षी. इंग्रजीत त्याने ‘एन्टँगलमेंट’ लिहिलं, पण स्वतःच्या भाषेत, जर्मनमध्ये, ‘फेरश्रेंकुंग’. त्या क्रियापदाचा रोजचा वापर हाताची घडी घालण्यासाठी होतो. एकावर एक, आडवं, नीट बसवलेलं. जर्मन शब्दात विस्कटलेपणा नाही. तो इंग्रजीतून आला आणि आपण मराठी करताना इंग्रजीचंच बोट धरतो.

उगाच
पोथीकाका, हाताची घडी म्हणजे पुढे ‘तोंडावर बोट’ आलंच. ह. घ्या.

शीतपेटी
उगाचभाऊ, गंमत म्हणून बोललात पण भौतिकशास्त्र बरोबर आहे. या कणांना एकमेकांशी बोलता येत नाहीच. त्याकडे नंतर येते.

मी या क्षेत्रात काम करते, त्यामुळे माझा आग्रह वेगळा आहे. नाम शोधत बसू नका, आम्ही दिवसभर जी क्रियापदं वापरतो ती लावून बघा. हे आम्ही घडवतो, जपतो आणि मग ते बिघडतं. क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातला माहितीचा सर्वांत छोटा घटक. ते अतिवाहक, म्हणजे विजेला रोध न करणाऱ्या पदार्थाचे, असतील तर उणे २७३ अंश सेल्सियसच्या अगदी जवळ, निरपेक्ष शून्याच्या अंशाच्या काही शतांशच वर, ठेवायचे आणि तरीही हा संबंध मायक्रोसेकंदांच्या हिशेबातच टिकतो. कुठून तरी उष्णता शिरली, एखादा भटका फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, आला, की संपलं. पुण्याची डीआरडीओची तरुण शास्त्रज्ञांची क्वांटम प्रयोगशाळा आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) यांनी २०२४मध्ये ६ क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. सहा हा आकडा बाहेरच्यांना किरकोळ वाटतो. या जपणुकीची कल्पना असेल तर वाटणार नाही.

आता ‘गुंता’ घ्या. ‘दोन मायक्रोसेकंदांत गुंता सुटला’ हे वाक्य मराठी माणूस कसं वाचेल? छान झालं, सुटला एकदाचा! आमच्यासाठी ती रडायची वेळ. मराठीत गुंता हा सोडवायचाच असतो. तो कोणी मुद्दाम करत नाही, जपत तर नाहीच. ‘गुंता टिकवण्यात यश’ हा मथळा सरकारी खात्याला शोभेल. या एका कारणासाठी मी ‘गुंता’ वापरणार नाही, बाकी कितीही जवळचा वाटला तरी.

‘गुंफण’ त्यापेक्षा बरी. गुंफली, टिकली, विस्कटली, तिन्ही क्रियापदं नीट लागतात आणि विस्कटणं वाईट हेही न सांगता कळतं. ‘गुंफलेले कण’ हे विशेषण आयतं मिळतं. अडचण एकच. हारात प्रत्येक फूल दोन्हीकडच्या फुलांशी सारखंच गुंफलेलं असतं. इथे तसं नाही. दोन क्युबिट एकमेकांशी पूर्णपणे जोडले गेले तर तिसऱ्याशी त्यांचा तसा संबंध उरतच नाही. तिसऱ्याला थोडं द्यायचं तर आधीच्यातलं थोडं कमी करावं लागतं.

जुनी_पोथी
मग ‘सांगड’ का नको? दोन होड्या किंवा दोन सुके भोपळे एकत्र बांधून पाण्यावर तरंगायची सोय करत, ती सांगड. मुळातच जोडीचा शब्द. ती मुद्दाम घालावी लागते, टिकते आणि पाण्याच्या मध्यावर सुटली तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. ताई, तुमची तिन्ही क्रियापदं लागली.

बातमीदार
काका, शब्द सुरेख आहे, पण ‘सांगड’ आज कुठे ऐकू येते? ‘विज्ञान आणि अध्यात्म यांची सांगड घालणारे व्याख्यान’. क्वांटमच्या आजूबाजूला तशी गर्दी आधीच कमी नाही. ‘क्वांटम सांगड’ असा फलक लावलात तर पहिल्याच दिवशी कोणीतरी येऊन तिथे प्रवचन देईल.

शीतपेटी
हा मुद्दा मला नाकारता येत नाही :)
तरी ‘सांगडीतले कण’ कानाला चांगलं लागतंय. शिवाय सांगडीत तीन भोपळेही बांधता येतात, आणि तीन कणांच्या अशा अवस्था ग्रीनबर्गर, हॉर्न आणि झायलिंगर यांनी १९८९ साली मांडल्या आहेतच.

पेशीवाली
क्रियापदं लावून बघायची युक्ती आमच्या जीवशास्त्रात कोणी वेळेवर वापरायला हवी होती. थोडं अवांतर होईल, पण चौकटराव, तुमच्या प्रदर्शनात क्रिस्परचा, म्हणजे जनुकं हवी तिथे कापणाऱ्या कात्रीसारख्या तंत्राचा, फलक असेल तर कामाला येईल.

‘जीन एडिटिंग’चं ‘जनुक संपादन’ केलंय. मराठीत संपादन म्हणजे मिळवणंही. यश संपादन करतात आणि जमिनीचं भूसंपादन होतं. गावात ‘तुमच्या जनुकांचं संपादन करणार’ म्हटलं तर मोबदला किती असं विचारतील, आणि त्यात त्यांची चूक नाही. म्हणून काही जण ‘जनुक दुरुस्ती’ म्हणतात. ऐकायला सोपं, धीर देणारं. पण बहुतेक वेळा चुकीचं.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं उदाहरण घ्या. नंदुरबार, गडचिरोली भागात हा आजार घरोघर माहीत आहे आणि सगळे त्याला सिकलसेलच म्हणतात. ‘दात्रपेशी’ फक्त पुस्तकात. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने त्यावरच्या पहिल्या क्रिस्पर उपचाराला मान्यता दिली, डिसेंबरमध्ये अमेरिकेने. त्या उपचारात बिघडलेलं जनुक दुरुस्त करतच नाहीत! ते तसंच राहतं. गर्भात असताना आपल्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं, जन्मानंतर ते बनणं जवळजवळ बंद होतं. हे बंद करणाऱ्या ‘बीसीएल११ए’ नावाच्या जनुकाचा रक्तपेशींमधला नियंत्रक भाग कात्रीने कापून निकामी करतात आणि गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनायला लागतं. एक गोष्ट मुद्दाम बिघडवून दुसरीवर मात. याला दुरुस्ती म्हटलं की आई-बापांना वाटतं, आता पुढच्या पिढीत आजार उतरणार नाही. तो उतरू शकतो, कारण बदल फक्त रक्त तयार करणाऱ्या पेशींत केलेला असतो.

‘जनुकबदल’ म्हणावं तर बीटी कापूस आठवतो. तिथे दुसऱ्या जीवाचं जनुक आणून घातलंय. २०२२पासून आपल्याकडचे नियमही या दोहोंत फरक करतात: बाहेरचं जनुक शिल्लक नसलेल्या काही प्रकारच्या संपादित पिकांना बीटी कापसासारख्या जीएम पिकांच्या कडक नियमांतून सूट आहे. २०२५मध्ये जाहीर झालेले भाताचे दोन वाण त्यातलेच. म्हणजे शब्द सरमिसळ झाला तर नियमच कळणार नाही. मी ‘जनुक-काटछाट’ म्हणते. विद्यार्थी हसतात, पण काय होतं ते त्यांना कळतं.

उगाच
काटछाट म्हटलं की अर्थसंकल्प. आज सगळे शब्द पैशाकडेच चाललेत.

चौकट
पेशीवालीताई, क्रिस्परचा फलक आहे आणि त्यावर ‘दुरुस्ती’च लिहिलं होतं, आजच बदलतो. सिकलसेल तसंच ठेवतो.

एन्टँगलमेंटसाठी ‘गुंफण’ घेतोय. ‘सांगड’ मनातून आवडली, पण प्रवचनाची भीती खरी आहे. फलकाचा मसुदा असा:

“एकाच ठिकाणी तयार झालेले दोन प्रकाशकण एकमेकांत गुंफले जाऊ शकतात. २०१७ साली चीनच्या ‘मिशियस’ उपग्रहाने असे कण एकमेकांपासून सुमारे १,२०० किलोमीटर दूर असलेल्या दोन ठिकाणी पाठवले. तरीही एका कणाने दुसऱ्याला क्षणार्धात निरोप दिला! या गुणाचा वापर करून संदेश कुलूपबंद करायची गुप्त किल्ली तयार करता येते. अहमदाबादेत २०२२ साली ३०० मीटर अंतरावर असा प्रयोग झाला.”

शीतपेटी
‘निरोप दिला’ काढा. उद्गारचिन्हासकट. मघाशी तोंडावर बोट म्हणाले ते हेच. इकडच्या माणसाला आपल्या मापनात काय येणार हे ठरवता येत नाही, मग तिकडे निरोप काय पाठवणार? दोन्ही ठिकाणच्या नोंदी नंतर साध्या फोनवर किंवा इंटरनेटवर शेजारी ठेवतात तेव्हाच त्यांचा मेळ दिसतो. बेलने १९६४ साली दाखवलं की हा मेळ ‘उत्तरं आधीच ठरवून आणली होती’ एवढ्यावर भागत नाही, आणि ते प्रयोगांनी पक्कं करणाऱ्या आस्पे, क्लाउजर आणि झायलिंगर यांना २०२२चं नोबेल मिळालं.

असं लिहा: “दोन्हीकडच्या नोंदी एकत्र ठेवल्यावर त्यांत असा मेळ दिसला, जो कण सुटे असते तर दिसला नसता.” एक ओळ वाढेल, वाढू द्या.

चौकट
वाढवली. आणखी एक, क्युबिट ‘तो’ की ‘ते’?

शीतपेटी
आमच्याकडे तो. ‘सहावा क्युबिट आज रुसलाय’ असंच म्हणतो आम्ही.