सामानासकट फ्लॅट भाड्याने देतोय, सामानाची यादी किती बारीक हवी?

उंबरठा: करारनाम्याला यादी जोडायची आहे. 'बेड २, कपाट ३, फ्रिज १' एवढ्यावर भागेल का? फोटो कसे काढावेत?

कडीकोयंडा: नाही भागणार. वाद नगांवरून क्वचित होतो, होतो तो अवस्थेवरून. 'कपाट – चांगले' या नोंदीला घर सोडताना काडीची किंमत नसते. असं लिहा: 'कपाट, तीन दारी, मधल्या दारावर मुठीखाली ४ सेंमी चरा, डावीकडची खालची बिजागरी सैल, किल्ल्या २.'

खोलीत शिरल्यावर डाव्या हाताच्या भिंतीपासून घड्याळाच्या दिशेने फिरा. आधी छत, भिंती, खिडक्या, फरशी, मग सामान. हमखास सुटतं ते म्हणजे माळा, सिंकखालचा कप्पा, गादीची खालची बाजू, फ्रिजच्या दाराचं रबर आणि रिमोट. विजेच्या वस्तूंचा मॉडेल आणि सीरियल नंबर घ्या, खरेदीचं वर्षही. जे चालवून पाहिलं नाही त्यापुढे 'चालू' नको, 'तपासले नाही' लिहा.

चौथा_मजला: फोटोंबद्दल. प्रत्येक खोलीचे चार कोपऱ्यांतून चार फोटो, शिवाय प्रत्येक डाग, टवका, पोचा यांचा जवळून एक, शेजारी मोजपट्टी धरून. नुसता जवळचा फोटो निरुपयोगी, कारण तो कुठल्या भिंतीचा हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. फोटोला यादीतलाच क्रमांक द्या. वीज, पाणी, गॅस मीटरचे आकडे आणि किल्ल्यांचा जुडगाही टिपा.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. दर्जा उतरतो आणि फाइलमधली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवा.

उंबरठा: मग सगळ्याचा व्हिडिओच केला तर?

चौथा_मजला: जोडीला करा, बदली नको. नळाची धार, फ्लश, पंख्याचा आवाज व्हिडिओत छान येतो. ओरखडे मात्र दिसत नाहीत.

पागडी_नको: खरेदीचं वर्ष वर आलंच आहे, ते का लागतं ते सांगतो. जुन्याच्या जागी नव्याची पूर्ण किंमत मागणं टिकत नाही. गादीचं आयुष्य १० वर्षं धरलं आणि ती ६ वर्षं वापरलेली असेल, तर उरलेल्या ४ वर्षांपुरतं, म्हणजे किमतीच्या ४० टक्के मागता येईल. उन्हाने विटलेला रंग, वावराच्या वाटेवर झिजलेली फरशी ही रोजची झीज. इस्त्रीचा चटका किंवा फुटलेली टाइल म्हणजे नुकसान. भिंतीला शेवटचा रंग कधी दिला तेही लिहून ठेवा.

कडीकोयंडा: सहीचं राहिलं. घर रिकामं असताना, भाडेकरूचं सामान यायच्या आधी, भर उजेडात दोघांनी मिळून फिरा. खोकी आत आली की भिंती झाकल्या जातात आणि 'हे आधीपासूनच होतं' सुरू होतं. दोन प्रती, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या आणि तारीख. भाडेकरूला राहिलेल्या त्रुटी लेखी कळवायला ७ दिवस द्या; गळका नळ राहायला लागल्यावरच कळतो. त्यांच्या नोंदी मूळ यादीत खाडाखोड करून घुसडू नका, वेगळी पुरवणी जोडा. मध्येच गीझर बदललात तर त्याचीही पुरवणी, नव्या सीरियल नंबरसकट.

चौथा_मजला: आणि घर सोडताना तीच यादी, तोच क्रम, फोटोही त्याच कोपऱ्यातून. किल्ल्या परत घेण्याआधी.