बेकन्स कॅसल : नाव एकाचे, घर दुसऱ्याचे

अमेरिकेतील व्हर्जिनियामधल्या सरी काउंटीतील ‘बेकन्स कॅसल’ या जुन्या घराचा उल्लेख नॅथॅनियल बेकनचे, म्हणजे 1676 मध्ये तिथल्या गव्हर्नरविरुद्ध बंड करणाऱ्या पुढाऱ्याचे, निवासस्थान असा होतो, त्यात थोडी दुरुस्ती करावीशी वाटते. हे घर आर्थर अ‍ॅलन या जमीनदाराने 1665 मध्ये बांधले, आणि तुळयांच्या लाकडातील वाढवलयांच्या अभ्यासानेही त्या सालाला पुष्टी मिळाली आहे. 1676 च्या त्या बंडात बेकनच्या अनुयायांनी काही महिने ते बळकावले होते. खुद्द बेकन तिथे राहिल्याचा पुरावा नाही, तरी नाव मात्र त्याचेच चिकटले. किल्ला तर ते कधीच नव्हते.

वास्तू म्हणून पाहिल्यास तिची खरी ओळख दोन्ही टोकांच्या भिंतींत आहे. या भिंती छपराच्या उताराबरोबर सरळ न चढता वळणे आणि पायऱ्या घेत वर जातात, आणि त्यांच्यावर प्रत्येकी तीन धुरांडी कोन पुढे काढून, तिरपी, एकमेकांना खेटून उभी आहेत. उन्हात त्यांच्या कडांवर पडणाऱ्या सावल्यांमुळे साधे वीटकामही कोरीव भासते. पुढे प्रवेशाचा आणि मागे जिन्याचा मनोरा असल्याने आराखडा क्रुसासारखा झाला आहे.

वीटकाम इंग्लिश बाँडचे आहे, म्हणजे एका थरात विटांची लांब बाजू दर्शनी, तर पुढच्या थरात आखूड. खिडक्या मात्र नंतर बदलल्या गेल्या. आज दिसणाऱ्या वर-खाली सरकणाऱ्या तावदानांवरून सतराव्या शतकाचा अंदाज बांधू नये.