खेळ सोडल्यानंतरचा जॅकी रॉबिन्सन

१९५७मध्ये निवृत्त झाल्यावर अमेरिकेचा कृष्णवर्णीय बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन पडद्याआड गेला, असं कुणी म्हटलं तर मला ते अजिबात पटत नाही. तो एका कॉफी कंपनीचा उपाध्यक्ष झाला, १९६४ला हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांची बँक उभी करण्यात पुढे होता. घरचं दुःख मात्र जीवघेणं. थोरला मुलगा व्हिएतनाममधून जखमी होऊन परतला, व्यसनात अडकला, त्यातून सुटून इतरांना सोडवायला लागला आणि १९७१ला मोटार अपघातात गेला. अवघा २४ वर्षांचा! पुढच्याच वर्षी बापही गेला, ५३व्या वर्षी. मधुमेहाने नजर जवळजवळ गेली होती. मृत्यूच्या ९ दिवस आधी वर्ल्ड सिरीजच्या (बेसबॉलच्या वार्षिक अंतिम मालिकेच्या) मैदानावर सत्कार झाला, तेव्हाही तो बोलला ते बेसबॉल संघाला कृष्णवर्णीय मॅनेजर (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) मिळण्याबद्दलच. आणि त्याची बायको, रेचेलबाई, यांना कसं विसरायचं? त्यांनी येल विद्यापीठात नर्सिंग शिकवलं, १९७३ला नवऱ्याच्या नावाने शिष्यवृत्त्या देणारी संस्था काढली.