मदत हवी आहे: वाडीच्या पूजेला डब्ल्यूडब्ल्यूईसारखी कुस्ती बसवतोय, खोटं वैर खरं होऊ नये म्हणून काय करावं?

सडेकर

मंडळी, देवगड तालुक्यात किनाऱ्याला लागून आमची वाडी. मे महिन्यात चाकरमानी आले की सत्यनारायणाची पूजा असते. दुपारी महाप्रसाद, संध्याकाळी बायकांच्या फुगड्या, रात्री डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) नाहीतर दशावतार. यंदा पोरांच्या डोक्यात भलतंच शिरलंय. डबलबारीच्या आधी तासभर कुस्ती हवी, तीही टीव्हीवरची. पट्टा तयार आहे (जुनी योगा मॅट आणि सोनेरी कागद), एन्ट्रीची गाणी ठरली, पोस्टर मुंबईपर्यंत पोचलं.

घोळ आहे मुख्य लढतीत. एका बाजूला आमचा पोरगा, बंदरावर बर्फाच्या लाद्या उचलणारा. समोर खालच्या वाडीतला, आंबे काढणारा. गेल्या वर्षी कबड्डीच्या फायनलला शेवटच्या चढाईवरून दोन वाड्यांत जुंपली. तेव्हापासून एकमेकांच्या लग्नाला जातात, पण जेवायला थांबत नाहीत. पोरं म्हणतात, "काका, भांडण आयतंच आहे, स्टोरी लिहायची कटकट वाचली!" मी खजिनदार. उद्या कोणाचं डोकं फुटलं तर पोलीस पाटलांच्या पडवीत मीच बसणार.

टीव्हीवर ही वैरं कशी रचतात, कोण हरणार हे कोण ठरवतं, आणि ती हाताबाहेर जात नाहीत ती कशी? आपटाआपटी करताना लागू नये म्हणून काय करायचं? खालच्या वाडीतला तर माडावरून दोर बांधून खाली येणार म्हणतोय. आणि "हे ठरवलेलं आहे" असं लोकांना सांगायचं का? आमच्या आप्पांनी गिरणीत असताना वरळीला दारासिंग आणि किंगकाँग या पैलवानांना लढताना पाहिलंय. ती कुस्ती ठरवलेली होती असं कोणी म्हटलं तर ते अजून ताटावरून उठतात.

तांबडी माती

सरळ खरी कुस्ती लावा की. मॅट टाका, वजनं बघा, पंच बोलवा. ही नुरा (आधीच ठरवलेली) कुस्ती कशाला? आमच्याकडे कोल्हापुरात असलं काही केलं तर लोक मैदानातून हाकलून देतील.

सडेकर

माती, आमच्याकडे आखाडा कुठला आणि वस्ताद कुठला! आमची पोरं कबड्डी खेळणारी नाहीतर क्रिकेटवाली. खरी कुस्ती लावली तर दोन मिनिटांत संपेल आणि दोन वर्षं पुरेल.

ट्रम्पकार्ड

लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूईच्या पत्त्यांवर पैलवानांची उंची, वजन, छाती वाचत मोठा झालेला माणूस आहे, त्यामुळे जरा लांबण लावणार.

आधी मूळ धंदा समजून घ्या. दर आठवड्याला भांडण टीव्हीवर दाखवायचं आणि त्याचा निकाल मोठ्या कार्यक्रमाला लावायचा. तिकडे त्या कार्यक्रमाचे वेगळे पैसे भरावे लागत, आपण केबलवर फुकट पाहिलं. आता एप्रिल २०२५ पासून भारतात नेटफ्लिक्सवर येतं, अमेरिकेतलं असेल तर आपल्याकडे भल्या पहाटे. कोण जिंकणार हे लेखक आणि कंपनी ठरवते. मधले डाव बरेचदा दोघे पैलवान आपसात ठरवतात, काही तर रिंगणात कानात कुजबुजून. म्हणून तर ते एकमेकांच्या मानेला इतका वेळ मिठी मारून बसतात.

वैराचं कारण मात्र छोटं आणि कोणालाही कळेल असं लागतं. १९८७ ची तिसरी रेसलमेनिया (त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम) घ्या. हल्क होगन आणि आंद्रे द जायंट हे कथेत जिवलग मित्र. टीव्हीवर होगनला मोठा चषक दिला, आंद्रेला त्याच्याहून लहान. झालं, आंद्रे रुसला. पुढच्या भागात त्याने होगनचा शर्ट फाडला, गळ्यातला क्रॉस तोडला. एवढ्या भांडवलावर अख्खं स्टेडियम भरलं. गंमत अशी की होगनने त्याला उचलून आपटलं तेव्हा आंद्रे पाठीच्या ऑपरेशनमधून उठलेला होता. तो आपणहून पडायला तयार होता म्हणून तो क्षण झाला. अशा माणसाच्या मनात नसेल तर त्याला कोण उचलणार?

यातूनच तुमच्या प्रश्नाचं उत्तर येतं. जिंकणाऱ्याची काळजी करू नका. हरणाऱ्याला आधी विचारा, सगळं सांगा, त्याचा होकार घ्या. हे चुकलं की काय होतं ते ९ नोव्हेंबर १९९७ ला माँट्रियलमध्ये दिसलं. ब्रेट हार्ट चॅम्पियन होता, कंपनी सोडून चालला होता, आणि स्वतःच्या कॅनडात शॉन मायकल्सकडून हरायला तयार नव्हता. त्याला सांगितलं, निकाल न लागता गोंधळात संपवू. प्रत्यक्षात शॉनने त्याचाच डाव त्याच्यावर लावला आणि मालक विन्स मॅकमहनने रिंगणाशेजारी उभं राहून घंटा वाजवायला लावली. ब्रेट रिंगणातूनच त्याच्या तोंडावर थुंकला, आत जाऊन त्याला ठोसाही मारला. ते खरं वैर मिटायला २०१० उजाडलं. तिथे सगळे पगारी कलाकार होते. तुमच्याकडे तर दोन वाड्या आहेत.

तेव्हा कबड्डीचा विषय पूर्ण बाद. माईकवर कोणी "चढाई" हा शब्दसुद्धा उच्चारायचा नाही. नवीन, बावळट कारण काढा: पूजेच्या पाहुण्यांसाठी ठेवलेली हापूसची पेटी कोणीतरी पळवली. आणि जोड्या लावा, प्रत्येक जोडीत एक वरच्या वाडीचा, एक खालच्या. मग लोकांना बाजू घ्यायला वाडीच उरणार नाही.

ओपीडी

माडावरून दोर? अजिबात नाही. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत ओवेन हार्टला (वरच्या ब्रेटचा धाकटा भाऊ) छतावरून दोराने खाली आणायचं होतं. हुक आधीच सुटला, सुमारे ७८ फुटांवरून पडून तो गेला. त्यांच्याकडे सामान आणि माणसं दोन्ही होती.

आपटण्याबद्दल. त्यांच्या रिंगणाखाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, पातळ फोम आणि वर कॅनव्हास असतो. तो थोडा दबतो आणि आवाजही मोठा करतो. तुमची जमीन दबणार नाही. ओल्या वाळूवर तर मुळीच नको, ती दगडासारखी लागते. भाताच्या पेंढ्याचा जाड थर, त्यावर गाद्या, वरून ताडपत्री ताणून बांधा. पडताना हनुवटी छातीला, पाठ सपाट, दोन्ही हात पसरून ताडपत्रीवर चापट. ही चापटच प्रेक्षकांना ऐकू जाते. ठोसा मारताना पाय आपटायचा, हात फक्त जवळून न्यायचा. डोक्यावर किंवा मानेवर पडेल असा कुठलाही डाव नको, खुर्च्या नकोत, ट्यूबलाइट नकोत. रिंगणाभोवती दोर रापणीच्या जाळ्याचा नायलॉनचा वापरणार असाल तर त्यावर जुनं कापड गुंडाळा, नाहीतर पाठ सोलवटून निघेल. पोफळीचे खांब लावणार ना? त्यांना गोधड्या बांधा. आणि त्या तासात कोणी "घेऊन" आलेला नको, पैलवानही आणि रेफरीही.

राजपार्टी

सडेकरानू, माका ह्या वाचून हसाक इला. अरे, तुमका अमेरिकेत जावची गरज काय? आमच्या दशावतारात लिवलेला नाटक नसता. रंगपटात बसान ठरता, आज खयचा कथानक, कोण राजा, कोण राकेस, कोण मरतलो. संवाद जेचे तेणा बघूचे. पखवाज वाजाक लागलो की लढाई नाचान करूची, तलवार अंगाक लागता नये.

आता जरा सगळ्यांना कळेल असं लिहितो. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गावात आहे. संकासुराला विष्णू मारणार हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, तरी माणसं जागतात. का जागतात? संकासुर मरेपर्यंत काय काय करतो ते बघायला. तेव्हा पूजेच्या माईकवरून खुशाल सांगा की हे नाटक आहे. तुमच्या त्या कंपनीनेसुद्धा १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या सिनेटपुढे हा खेळ नसून करमणूक आहे असं कबूल केलं होतं ना? त्यानंतर त्यांचं दुकान बंद पडलं का?

पण ट्रम्पकार्ड यांच्या जोड्या मला पटत नाहीत. जोडी-जोडीत वैर पातळ होतं. माझं ऐका: खलनायक तुमच्या वाडीचा करा. यजमानाने वाईट व्हायचं, पेटी त्यानेच चोरायची, आणि पाहुण्या वाडीकडून मार खायचा. खालची वाडी हसत घरी जाईल. दशावतारात राक्षसाचं काम पोरसवद्याला देत नाहीत. मुरलेला लागतो. समोरच्याला सांभाळून घेत, त्याची तलवार चमकेल असं मरणं सोपं नसतं.

ट्रम्पकार्ड

राजपार्टी, मान्य. त्यांच्याकडेही जुनी रीत हीच, रिंगणात लढत चालवायची ती खलनायकाने. आणि १९८७ चा किस्सा आठवला. टीव्हीवरचे हाडवैरी जिम डगन आणि आयर्न शेख न्यू जर्सीत एकाच गाडीत पोलिसांना सापडले. कंपनीने दोघांना काढून टाकलं, का तर वैर उघडं पडलं. तुम्ही नेमकं उलट करा. कार्यक्रमाच्या सकाळी दोघांना एकाच बाइकवरून महाप्रसादाचे नारळ आणायला पाठवा, अख्ख्या गावाला दिसू दे.

तांबडी माती

चला, मीही वाचतोय बरं का. फक्त तो पट्टा योगा मॅटचा नको, निदान रेक्झिनचा तरी करा.

सडेकर

सर्वांचे आभार. काल खालच्या वाडीत बैठक झाली. माडावरची एन्ट्री रद्द, थोडी कुरकुर झाली, मग त्याला टेम्पोच्या हौद्यातून फटाक्यांसह आणायचं ठरलं. आमचा बर्फवाला खलनायक व्हायला एका पायावर तयार आहे. त्याच्या आईला मात्र पटत नाही, "माझो झिल चोर कित्याक?" म्हणून ती रुसली आहे. पेटी शेवटी तिच्याच हातून परत द्यायची असा तोडगा काढतोय. आप्पांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली आहे आणि निकाल सांगितलेला नाही.

रेफरी दोन्ही वाड्या ज्यांना घाबरतात असे शाळेतले पीटीचे सर. ते तयार झाले, पण म्हणतात, "खांदे टेकले की मी तीन मोजणार, तुमच्या स्टोरीसाठी थांबणार नाही." राजपार्टी, तुम्ही आधी एक संध्याकाळ येऊन सरांची समजूत काढाल का? पोरांनाही मरायचं कसं ते दाखवा. जेवायची सोय आमच्याकडे, बांगडे मिळाले तर बांगडे.

राजपार्टी

येतंय. सरांका सांग, वेळ झालो की रेफरीनच पैलवानाच्या कानात निरोप सांगूचो आसता, थय अमेरिकेतय. सगळ्यात म्हत्त्वाचा काम तेंचाच. असा सांगितलंय की आयकतीत.